मागे कोण?

"मागे कोण?" बाईंनी स्वतःलाच विचारलं आणि बाजूच्या आरशात बघितलं.

मागे करडी गाडी होती. गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानापलीकडे, काल होती तिथेच. पुढच्या काचेवर ऊन पडल्यामुळे आतला माणूस दिसत नव्हता, पण खिडकीची काच बोटभर खाली होती. रिकामी गाडी सोडून जाताना काच कुणी बोटभर उघडी ठेवत नाही. एक तर पूर्ण लावतं, नाहीतर विसरून सगळीच उघडी टाकतं.

बाई स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्या होत्या. इंजिन बंद होतं. किल्ली घरात खुंटीवर होती. गाडी हलण्याची सुतराम शक्यता नव्हती, तरी त्यांचा उजवा पाय पायाखालच्या ब्रेकवर गच्च दाबलेला होता आणि पोटरीत गोळा आला होता. डॉक्टरांनी दिलेला अभ्यास होता हा. रोज गाडीत बसायचं, भीती वर चढू द्यायची, आणि ती उतरल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आज भीती काही उतरायचं नाव घेत नव्हती.

गावातल्या निम्म्या बायकांना गाडी शिकवली ती या बाईंनी. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाईंच्या. त्यावरून त्यांना कुणी 'ब्रेकबाई' म्हणत, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंची शिकवायची एक पद्धत होती. गाडी चांगली सरळ चालली असताना त्या मध्येच विचारायच्या, "मागे कोण?" आणि शिकणारीने न वळता, आरशात बघून सांगायचं: पांढरी गाडी, दोन माणसं, चालवणारा फोनवर बोलतोय. सांगता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता. एखादी घाबरून ब्रेकवर पाय रोवून बसली आणि काही केल्या पाय उचलेना, तर बाई ओरडायच्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणायच्या, "थांबली गाडी. सोड आता." एवढ्यावर पाय सुटायचा. भल्याभल्यांचा सुटला होता. सुटला नव्हता तो फक्त त्यांच्या नवऱ्याचा. तो त्यांचा पहिला विद्यार्थी आणि एकुलता एक नापास. तेव्हापासून त्याने गाडीच्या नावाने कानाला खडा लावला आणि आयुष्यभर स्कूटर चालवली.

मग तो दिवस आला. सिग्नल हिरवा झाला, नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी स्टिअरिंगवर होती, तिने छान, अगदी शिकवल्यासारखी गाडी काढली, आणि आडव्या रस्त्याने लाल दिवा तोडून मालट्रक आला. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. ट्रक थांबला नाही. त्याने गाडीचं तोंड असं उडवलं, की ती गरकन फिरून आल्या वाटेकडे बघत उभी राहिली. मुलीला खरचटलंसुद्धा नाही. बाईंना मुका मार लागला, बरगड्या दुखल्या, पण एक्स-रेत काही निघालं नाही. काचांचा सडा पडला होता, इंजिन कधीच बंद पडलं होतं, आणि बाईंचा पाय मात्र ब्रेकवरच होता. लोकांनी ओढून काढलं तेव्हा चप्पल आत राहिली.

गाडी दुरुस्त होऊन आली. बाईही कामावर आल्या. पहिल्याच दिवशी एक विद्यार्थिनी बराच वेळ गाडी सुरू करून बसली आणि शेवटी अदबीने म्हणाली, "बाई, तुम्ही पाय काढलात तर मी पुढे जाईन."

"काढलाय की," बाई म्हणाल्या. आणि खाली बघितलं, तर पाय ब्रेकवर.

महिन्याच्या आत दारावरची शिकवणीची पाटी उतरली.

ट्रकवाल्याच्या विमा कंपनीने गाडीची भरपाई दिली, मुक्या माराची दिली. मनाला बसलेल्या धक्क्याचं मात्र ते मानायला तयार नव्हते. धक्का कुठे दिसतो? हाड मोडलं असतं तर फोटो दाखवता आला असता. बाईंनी वकील केला, दावा लावला. पैसे नको होते असं नाही, पण खरं दुखणं वेगळं होतं. कंपनीच्या उत्तरात एक शब्द होता, 'कांगावा'. आयुष्यात एक दिवस खोटी रजा न घेतलेल्या बाईला तो शब्द जिव्हारी लागला होता.

आणि तेव्हापासूनच करडी गाडी दिसायला लागली होती.

"अहो, आजही होती," संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवत बाई म्हणाल्या.

"कोण?"

"करडी गाडी. औषधाच्या दुकानापाशी. मंगळवारी मंडईच्या मागे होती, परवा दवाखान्याच्या समोर. तीच. मागच्या दाराला खालच्या बाजूला ओरखडा आहे."

नवऱ्याने कप उचलला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासून तो दमला होता. "करड्या गाड्या काय कमी आहेत का? तुला हल्ली सगळीकडे गाड्याच दिसतात."

"मला गाड्या दिसतात कारण असतात म्हणून."

"मी कुठे नाही म्हणतोय," तो म्हणाला. पण म्हणाला अशा आवाजात, की नाहीच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून त्याने त्यांना दुकानात बोलावलं. उंच खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला, समोरची पाटी उजळली. बाईंनी वरून खाली सगळं वाचलं. मग दुसरा डोळा. शेवटच्या ओळीतली मुंगीएवढी अक्षरंही त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. नवऱ्याने दिवा बंद केला.

"डोळे ठणठणीत आहेत तुझे," तो म्हणाला. "म्हणजे..."

पुढचं त्याने गिळलं. पण बाईंना ते ऐकू आलं. डोळ्यात दोष नाही, म्हणजे तो त्याच्या वर कुठेतरी आहे. तो मनाने वाईट माणूस नव्हता. घाबरला होता. खुर्चीवरून उतरताना बाईंनी काचेच्या दारातून रस्त्याकडे बघितलं. पलीकडच्या बाजूला करडी गाडी उभी होती. दाखवली तर तो पुन्हा 'करड्या गाड्या काय कमी आहेत का' म्हणणार, म्हणून त्या तशाच बाहेर पडल्या.

वकिलांना मात्र हे ऐकून कोण आनंद झाला! त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? गाडी पाठलाग करते म्हणजे काय! अहो, सोन्यासारखी गोष्ट आहे ही. धक्क्यानंतर असे भास होतात, पुस्तकातच लिहिलंय. हे आपण पहिल्या पानावर घेऊ."

"पण ती खरंच येते हो."

"अगदी असंच म्हणायचं. शब्द बदलायचा नाही."

"साहेब, मी खोटं नाही सांगत. ती असते तिथे."

"तुम्हाला तसं वाटतं, हेच तर आपलं म्हणणं आहे," वकील समजुतीने म्हणाले आणि लिहायला लागले.

बाईंना दरदरून घाम फुटला. जन्मभर त्यांनी इतरांना आरशावर विश्वास ठेवायला शिकवलं. आता त्या आरशात दिसेल ते सांगत होत्या आणि समोरचा माणूस मान डोलावून ते आजाराच्या रकान्यात टाकत होता. जेवढं ठासून सांगावं तेवढा आजार पक्का होत होता.

मनाच्या डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी हे हसण्यावारी तरी नेलं नाही.

"गाडी खरी आहे की नाही, हे आपण जरा बाजूला ठेवू," त्या म्हणाल्या. "भीती तर खरी आहे ना? मग तिच्याकडे पाठ नका फिरवू. दिसली गाडी, तर नीट बघायचं. श्वास सोडायचा. ती तुमचं काही करत नाही, हे तुमच्या पायाला कळू द्या."

"आणि नसलीच ती मुळात, तर?"

"तर हळूहळू दिसायची बंद होईल."

हे बाईंना पटलं. शिकवण्याची भाषा होती ती. घाबरणाऱ्या मुलीला चौकात न्यायचं, पुन्हा न्यायचं, चौकाचा बाऊ संपेपर्यंत न्यायचं, हे त्यांनी स्वतः केलं होतं. घरी येताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं: नवरा म्हणतो नाही, वकील म्हणतात नाही, एवढी शिकलेली माणसं म्हणतात नाही, तर नसेल. आपलंच डोकं ठिकाणावर नसेल. ज्या डोळ्यांवर आयुष्यभर भाकरी कमावली, त्या डोळ्यांवर बाईंनी त्या दिवशी पाणी सोडलं.

आणि गंमत अशी, की त्यानंतर बरं वाटायला लागलं. नसलेल्या गोष्टीला काय घाबरायचं? करडी गाडी दिसली की बाई थांबायच्या, सरळ तिच्याकडे बघायच्या, श्वास सोडायच्या. पाय थोडा थोडा हलका होत गेला. शेवटी एक दिवस त्या चालकाच्या सीटवर बसल्या, किल्ली फिरवली, इंजिनच्या आवाजाने अंगावर काटा आला तो येऊ दिला, आणि गाडी मागे घेत घेत फाटकापर्यंत नेली. एवढीशी तर वाट. पण घामाने पाठ भिजली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

फाटकाबाहेर, औषधाच्या दुकानापलीकडे, ती उभी होती.

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. इतक्या दिवसांची ओळख झाली होती. त्या हसल्या, हात उंच करून हलवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "काय, बरं आहे ना?"

करड्या गाडीची बोटभर उघडी काच हळूच वर गेली.

बाईंचा हात तसाच हवेत राहिला. भास काच वर करतो? मग त्यांनी डॉक्टरांचं बोलणं आठवलं, श्वास सोडला आणि गाडी पुन्हा आत घेतली. त्या रात्री नवऱ्याला त्यांनी फाटकापर्यंत गेल्याचं सांगितलं. काचेचं सांगितलं नाही. कितीतरी दिवसांनी तो पोट भरून जेवत होता.

दुसऱ्या दिवसापासून करडी गाडी दिसेनाशी झाली. गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा होती. मंडईमागे नव्हती, दवाखान्यासमोर नव्हती. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं. बाईंनी खूश व्हायला हवं होतं. त्या मात्र दिवसातून कितीदा तरी फाटकाशी येऊन त्या मोकळ्या जागेकडे बघत उभ्या राहायच्या. काहीतरी घेऊन गेल्यासारखी गेली होती ती.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलामागे निवाडा देणारे साहेब, एका बाजूला बाई, नवरा आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील. हे कंपनीचे वकील फार गोड बोलायचे. बाईंच्या वकिलांनी पहिलं पान वाचलं: अर्जदारास करड्या रंगाची गाडी आपला पाठलाग करते असा सतत भास होतो.

"वाईट वाटलं ऐकून," कंपनीचे वकील म्हणाले. "साहेब, आमच्याकडे एक छोटी चित्रफीत आहे. परवानगी असेल तर दाखवतो."

भिंतीवरचा पडदा उजळला. बाईंना आधी ओळखू आली ती जागा. औषधाच्या दुकानाची पाटी, आपल्या गल्लीचं तोंड, आपलं फाटक. चित्राच्या खालच्या कडेला एक धूसर पट्टा होता. खाली घेतलेल्या काचेची कड होती ती. मग गाडीत बसलेल्या त्या स्वतः दिसल्या. मग मंडईमागच्या. मग दवाखान्याच्या पायरीवर, श्वास सोडत, सरळ पडद्यातून बाहेर बघणाऱ्या.

बाईंच्या काळजावरची धोंड उतरली. इतक्या महिन्यांत एवढं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या नवऱ्याकडे वळल्या आणि सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "बघा! होती की नाही? मी म्हणत होते ना, ती आहे म्हणून!"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"अगदी बरोबर, बाई," कंपनीचे वकील म्हणाले. "आमचाच माणूस होता. म्हणजे भास नव्हता. पहिल्या पानावरचा आजार तर नाहीच. आता पुढे बघू."

पुढे बाईंनी किल्ली फिरवली. गाडी सुरेख मागे आली, एका रेषेत, फाटकाच्या मधोमध. खिडकीतून डोकं बाहेर आलं. बाई हसल्या. हात हलवला. चित्र तिथेच थांबवलं गेलं. भिंतभर हसऱ्या बाई आणि त्यांचा उंच केलेला हात.

"गाडीच्या भीतीने यांचं आयुष्य उद्ध्वस्त झालंय, साहेब."

बाईंचे वकील उठले. "तो डॉक्टरांनी दिलेला अभ्यास आहे. उपचाराचा भाग आहे तो."

"आणि उपचाराला गुण आलेला दिसतोय. आमचं तरी दुसरं काय म्हणणं आहे?"

साहेबांनी बाईंकडे बघितलं. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना. "बाई, तुम्हाला या गाडीची भीती वाटत होती ना? मग हात का केलात तिला?"

बाई उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर त्याच होत्या.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "ती नाहीच आहे."

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी तिकडे रागाने बघितलं, पण लेखणी उचलली. मानसिक धक्क्याचा भाग वगळण्यात येत होता.

जिना उतरताना नवरा एक पायरी मागे होता. तो म्हणाला, "करडीच होती. तू म्हणालीस तशी." खऱ्या ठरल्या त्याच घटकेला बाई खोट्या ठरल्या होत्या, आणि आता दोन्हीची बेरीज कोण करणार?

इमारतीच्या मागे गाड्या लावायची जागा होती. नवरा स्कूटरपाशी गेला, कुलूप काढायला खाली वाकला. बाई थोड्या अंतरावर पिशवी सांभाळत उभ्या राहिल्या. आणि मग त्यांना ओरखडा दिसला. स्कूटरच्या अगदी पुढच्या जागेत, त्यांच्याकडे पाठ करून, करडी गाडी उभी होती.

एक माणूस घाईघाईने आला. साधासुधा, टक्कल पडत आलेला, बायकोने इस्त्री करून दिलेला शर्ट घातलेला. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. तो आत बसला, बोलता बोलताच गाडी सुरू केली. मागचे पांढरे दिवे लागले.

मागे कोण?

तो बघत नव्हता. बोलत होता. गाडी मागे येत होती आणि मागे, दिव्यांच्या खाली, तिच्या आरशात न दिसेल असा, बाईंचा नवरा वाकलेला होता. बाईंनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. उजवा पाय वर उचलला गेला आणि सगळ्या अंगाच्या जोराने खाली आला. फरशीवर. ब्रेक लागावा तसा, गच्च.

गाडी थांबली नाही.

चपलेच्या आवाजाने नवऱ्याने मान वर केली, दिवे बघितले आणि अंग बाजूला टाकलं. धातू चेपल्याचा आवाज झाला. स्कूटर आडवी झाली. मग गाडी थांबली.

"सॉरी काका, सॉरी, दिसलाच नाहीत!" माणूस धावत बाहेर आला. "लागलं नाही ना? मी बघितलंच नाही हो..."

नवरा उठत होता, हात झटकत होता. पण तो त्या माणसाकडे बघत नव्हता, म्हणून त्या माणसानेही वळून बघितलं.

बाई जागच्या हलल्या नव्हत्या. पिशवी खाली पडली होती. चपलेचा पट्टा तुटला होता आणि पाय फरशीत रुतवायचा असल्यासारखा त्या दाबत होत्या. घोट्यापासून मांडीपर्यंत पाय थरथर कापत होता, साडीच्या निऱ्या हलत होत्या. डोळे उघडे होते, करड्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर. श्वास आत गेला होता तो बाहेर आला नव्हता.

माणसाचा हात सवयीने खिशाकडे, छोट्या कॅमेऱ्याकडे गेला. तिथेच थांबला. मग त्याने तो रिकामाच बाहेर काढला आणि दुसऱ्या हातात धरून उभा राहिला. त्याने आजवर बाईंना किती वेळ बघितलं होतं, आणि हे त्याला आता दिसत होतं.

नवरा त्यांच्याजवळ गेला. काय करावं त्याला कळेना. दंडाला धरून बघितलं, हाक मारून बघितली. मग सुनावणीसाठी घातलेल्या चांगल्या पँटनिशी तो धुळीत खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्यांचा घोटा धरला.

"थांबली गाडी," तो म्हणाला. त्याला शिकवताना त्या म्हणायच्या तसं, खालच्या आवाजात. "थांबली गं. सोड आता."

पाय सुटला नाही.

बाहेर पडायची वाट अडली होती. मागून एका गाडीने हॉर्न वाजवला, मग दुसरीने. नवऱ्याने वळून न बघता एक हात वर केला, थांबा म्हणून, आणि पाय धरून तसाच बसून राहिला.